होम थिएटरचा रिसीव्हर घ्यायचाय? आधी घरात काय आहे त्याची यादी करा

रिसीव्हर घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा मॉडेलपासून सुरुवात करतो. कुणीतरी सांगितलेलं असतं की डेनॉन घे, दुसरा म्हणतो यामाहाच घे, दुकानात गेलं की सेल्समन सात चॅनलवाला, म्हणजे सात स्पीकर चालवणारा दाखवतो, मग नऊवाला दाखवतो, आणि घरी आणल्यावर कळतं की आपले जुने स्पीकर याला जोडताच येत नाहीयेत किंवा टीव्हीमधून नुसता स्टिरिओच येतोय. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की उलट्या बाजूने सुरुवात करा. रिसीव्हर ही मधली वस्तू आहे, आवाजाचा सिग्नल घेऊन स्पीकरला ताकद देणारा डबा. एका बाजूला टीव्ही, सेटटॉप बॉक्स, फायर स्टिक, गेमिंग कन्सोल, दुसऱ्या बाजूला स्पीकर, आणि हे सगळं ज्यात बसवायचं तो तुमचा हॉल. या तीन गोष्टी कागदावर लिहून काढल्या की शंभर मॉडेलमधून दोन-तीनच उरतात आणि मग निवडणं अवघड राहत नाही.

एक आधीच सांगतो, तुम्ही भाड्याने राहत असाल आणि दर ११ महिन्यांनी ॲग्रीमेंट संपल्यावर घर बदलायची शक्यता असेल, भिंतीला भोकं पाडायला मालक परवानगी देत नसेल, तर सध्या चांगला साउंडबार घ्या. रिसीव्हर म्हणजे पाच-सहा स्पीकर आणि त्यांच्या वायरी, ते सगळं एका जागी टिकणार असेल तरच त्यात मजा आहे.

पायरी १ : घरातले स्पीकर ओळखा

इथे जरा जास्त वेळ घालवा कारण बहुतेक चुका इथेच होतात.

पूर्वी डीव्हीडी प्लेअरसोबत एकाच खोक्यात पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खर्जाचा आवाज काढणारा डबा, यायचा, तो सेट कित्येक घरांत अजून आहे. प्लेअर बंद पडला पण स्पीकर ठणठणीत, मग साहजिकच वाटतं की नुसता रिसीव्हर आणून हेच जोडावेत. जोडण्याआधी प्रत्येक स्पीकरच्या मागचं लेबल वाचा. अशा सेटमधले बरेच स्पीकर ३ ओहमचे असतात (ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो ते) आणि बाजारातल्या बहुतेक रिसीव्हरच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की ४ किंवा ६ ओहमच्या खालचे स्पीकर लावू नका. ओहम कमी झाले की ॲम्प्लिफायरला जास्त करंट द्यावा लागतो, तो तापतो, आवाज वाढवला की प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद होतो, आणि रोज असंच चालवलं तर कधीतरी कायमचाच जातो. शिवाय त्या सेटचा सबवूफर बहुतेक वेळा पॅसिव्ह असतो, म्हणजे त्याच्या पोटात स्वतःचा ॲम्प्लिफायर नसतो, आणि रिसीव्हरच्या मागे सबवूफरसाठी जे आरसीए सॉकेट असतं त्यातून फक्त सिग्नल बाहेर पडतो, पॉवर नाही. तो सब तिथे जोडला तर अक्षरशः काहीही ऐकू येणार नाही. काही कंपन्यांचे तर प्लगही स्वतःचेच असतात, ते कापून वायर सोलावी लागते. हे सगळं जमवण्यापेक्षा तो सेट बाजूला ठेवा आणि बजेट नव्या स्पीकरसकट धरा.

दुसरा प्रकार म्हणजे कॉम्प्युटरला लावतो ते ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) मल्टीमीडिया स्पीकर, ज्यात सगळा ॲम्प्लिफायर सबवूफरच्या डब्यात असतो. त्याच्या इनपुटला रिसीव्हरच्या स्पीकर टर्मिनलची वायर कधीही लावू नका, सर्किट जळेल. प्रत्येक चॅनलचे प्रीआउट, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आधीचा नुसता सिग्नल देणारे सॉकेट, असलेला रिसीव्हर असेल तर तांत्रिकदृष्ट्या जोडता येतं, पण प्रीआउटवाला रिसीव्हर महाग, आणि तेवढे पैसे घालून हे स्पीकर वाजवण्यात काही अर्थ नाही.

तिसरा प्रकार म्हणजे पॅसिव्ह बुकशेल्फ किंवा टॉवर स्पीकर, मागे लाल-काळे टर्मिनल असतात. रिसीव्हर बनतो तो यांच्यासाठी. यांच्या लेबलवरून दोन आकडे कागदावर उतरवून घ्या, ओहम आणि सेन्सिटिव्हिटी. सेन्सिटिव्हिटी म्हणजे साधारण १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो ते, ८५, ८८, ९१ असा काहीतरी आकडा असतो. हा पुढे वॉटच्या वेळी लागणार आहे.

पायरी २ : हॉलमध्ये किती चॅनल मावतात

५.१ मधला पहिला आकडा कानाच्या उंचीवरचे स्पीकर, दुसरा सबवूफर, आणि ५.१.२ असं असेल तर तिसरा आकडा डोक्यावरचे, म्हणजे वरूनही आवाज देणाऱ्या डॉल्बी ॲटमॉस या पद्धतीचे. ॲटमॉस घरात आलं २०१४ साली, त्याच्या पुढच्या वर्षी तशीच दुसरी पद्धत डीटीएस एक्स आली, आणि तेव्हापासून दुकानात चॅनलच्या आकड्यांची चढाओढ चालू आहे. पण हॉल तर तेवढाच आहे ना.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये सोफा बहुतेक मागच्या भिंतीला चिकटलेला असतो. ७.१ मधले मागचे दोन स्पीकर तुमच्या पाठीमागे काही फूट लांब असायला हवेत, ती जागाच नसेल तर ते भिंतीवर कानाशेजारी येतात आणि इफेक्ट सगळा बिघडतो. अशा हॉलला ५.१ च करा. साइडचे सराउंड, म्हणजे बाजूचे दोन स्पीकर, कानाच्या किंचित मागे, कानापेक्षा थोडे वर, आणि एका बाजूला बाल्कनीचं सरकतं दार असेल तर त्या बाजूचा स्पीकर स्टँडवर ठेवा, पण ठेवा. एकाच बाजूला सराउंड लावून काम भागवू नका.

वरचे दोन स्पीकर लावायचेच असतील तर पीओपी किंवा फॉल्स सीलिंगचं काम चालू असतानाच वायर टाकून घ्या, आज स्पीकर घेतले नाहीत तरी वायर असू दे. समोरच्या स्पीकरवर ठेवायचे, वर आवाज फेकणारे अप-फायरिंग स्पीकरही मिळतात पण त्यांना सपाट आणि टणक छत लागतं, साधारण आठ ते बारा फुटांवरचं. कोकणात किंवा गोव्यात कौलारू उतरतं छप्पर असलेलं घर असेल तर ते चालणार नाहीत, आवाज परत कानाकडे येतच नाही. तिथे वाशाला छोटे स्पीकर टांगलेले बरे.

म्हणजे बऱ्याच घरांसाठी उत्तर ५.१, आणि छताची सोय असेल तर ५.१.२. नुसतं ५.१ करणार असाल तर पाच चॅनलचा रिसीव्हर पुरतो, पण पुढे कधीतरी वरचे दोन स्पीकर लावायचा विचार पक्का असेल तर आत्ताच सात चॅनलचा घ्या, कारण रिसीव्हर बदलणं स्पीकर वाढवण्यापेक्षा महाग पडतं. नऊ आणि अकरा चॅनल ज्याच्याकडे वेगळी खोली आहे त्याच्यासाठी.

पायरी ३ : वॉटचा आकडा वाचायला शिका

एकाच रिसीव्हरच्या ब्रोशरमध्ये एका ठिकाणी ७० वॉट लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या ठिकाणी १३० वॉट. दोन्ही खरे असतात, फरक आहे मोजण्यात. ७० लिहिलंय तिथे बाजूला बारीक अक्षरात सापडेल की ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के डिस्टॉर्शन (आवाजातला बिघाड), दोन चॅनल चालू. १३० च्या बाजूला असेल ६ ओहम, फक्त १ किलोहर्ट्झ, डिस्टॉर्शन १ टक्का किंवा चक्क १० टक्के, आणि एकच चॅनल चालू. तुलना करताना नेहमी पहिल्या प्रकारचा आकडा धरा, तो दिलेलाच नसेल तर त्या वस्तूबद्दल सावध व्हा. होम थिएटर सिस्टीमच्या खोक्यावर हजार वॉट छापलेलं असतं तो आकडा तर सगळ्या चॅनलची सैल मोजमापं एकत्र करून आलेला असतो.

आता तुम्हाला लागतात किती वॉट? समजा स्पीकर ८८ डेसिबलचा आहे आणि तुम्ही ३ मीटर, म्हणजे दहा फुटांवर बसता. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात, त्या हिशोबाने ३ मीटरवर साधारण साडेनऊ डेसिबल जातात, म्हणजे १ वॉटला ७८ च्या आसपास. खोलीत भिंतींमुळे त्यापेक्षा थोडं जास्तच मिळतं. १० वॉटला ८८ आणि १०० वॉटला ९८. घरात आपण बोलणं ऐकतो ते ७० डेसिबलच्या आगेमागे, स्फोटाबिस्फोटाच्या वेळी क्षणभर ९५ वगैरे. म्हणजे बहुतेक वेळ तुमचा रिसीव्हर एखाददुसऱ्या वॉटवरच चालू असतो! आणि ७० वॉटवरून १०० वॉटवर गेलात तर फरक पडतो फक्त दीड डेसिबलचा, जो कानाला जेमतेम कळतो. त्याउलट ८५ च्या ऐवजी ९१ डेसिबलचे स्पीकर घेतले तर तोच आवाज एक चतुर्थांश पॉवरमध्ये मिळतो. म्हणून वीस-तीस वॉट वाढवायला पैसे घालू नका, ते पैसे स्पीकरमध्ये घाला, आणि हे मी अगदी ठामपणे सांगतो.

अपवाद दोन. स्पीकर ४ ओहमचे आणि कमी सेन्सिटिव्हिटीचे असतील, किंवा हॉल खूप मोठा, वर डबल हाइटचा असेल, तर वरच्या श्रेणीचा रिसीव्हर घ्या, आणि त्यालाही निदान समोरच्या दोन चॅनलचे प्रीआउट असूदेत म्हणजे गरज पडली तर पुढे वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर जोडता येईल.

स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला ॲक्टिव्ह सबवूफर मात्र घ्याच. सब असला की ८० हर्ट्झच्या खालचं सगळं जड काम त्याच्याकडे जातं आणि रिसीव्हरचा भार कितीतरी हलका होतो.

पायरी ४ : टीव्ही आणि बाकीच्या डब्यांसाठी एचडीएमआय

टीव्हीच्या मागे हात घालून बघा, एका एचडीएमआय पोर्टवर आर्क किंवा ईआर्क लिहिलेलं असेल. आर्क आलं २००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये, ईआर्क आलं २०१७ च्या २.१ मध्ये. दोन्हीचं काम एकच, टीव्हीतला आवाज त्याच केबलमधून उलटा रिसीव्हरकडे पाठवायचा. फरक असा की आर्कमधून दबलेला, म्हणजे कॉम्प्रेस केलेला आवाज जातो, डॉल्बी डिजिटल प्लस वगैरे, आणि ओटीटीवरचं ॲटमॉस याच डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतं, त्यामुळे नुसतं नेटफ्लिक्स, प्राइम बघणाऱ्याला टीव्ही ॲटमॉस पुढे पाठवत असेल तर आर्कसुद्धा चालतं. ब्लू-रेचं डॉल्बी ट्रूएचडी किंवा कन्सोलचा न दाबलेला ५.१ पीसीएम टीव्हीमार्गे न्यायचा असेल तर ईआर्कच हवं, टीव्हीलाही आणि रिसीव्हरलाही. टीव्ही जुना असेल आणि फक्त ऑप्टिकल असेल तर त्यातून साधं डॉल्बी डिजिटल ५.१ जातं, ॲटमॉस विसरा. अशा वेळी फायर स्टिक, सेटटॉप बॉक्स सगळं आधी रिसीव्हरला लावा आणि तिथून एकच केबल टीव्हीला न्या, म्हणजे टीव्ही जुना असला तरी आवाज पूर्ण मिळतो.

मग मोजा की किती डबे जोडायचेत. सेटटॉप बॉक्स, स्टिक, कन्सोल, कधीमधी लॅपटॉप, चार झाले. रिसीव्हरला त्यापेक्षा एक जास्त इनपुट असला की बरं.

गेमिंग करणाऱ्यांनी एवढं नीट वाचा. ४के ६० हर्ट्झला १८ गिगाबिटचा जुना एचडीएमआय २.० पुरतो. पीएस५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्सवर ४के १२० हर्ट्झ हवं असेल तर २.१ लागतं, आणि खोक्यावर २.१ लिहिलंय म्हणजे सगळेच इनपुट तसे असतात असं नाही, कधी कधी एक-दोनच असतात, मागच्या पॅनलचा फोटो बघून घ्या. यातून सुटायचा स्वस्त मार्गही आहे. टीव्हीला १२० हर्ट्झचा पोर्ट आणि ईआर्क दोन्ही असेल तर कन्सोल थेट टीव्हीला लावा, चित्र तिथेच राहील आणि आवाज ईआर्कने रिसीव्हरकडे येईल. फक्त या एका कारणासाठी महागडा रिसीव्हर घ्यायची गरज उरत नाही.

पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कवरून सिनेमे बघत असाल तर डीटीएसचं (सिनेमाच्या फाइलमध्ये असणारा आवाजाचा एक प्रकार) तपासा. सॅमसंगने २०१८ पासून टीव्हीतून डीटीएस काढून टाकलं, एलजीच्या मधल्या काही वर्षांच्या टीव्हीतही नव्हतं. फाइल टीव्हीच्या यूएसबीला लावली की चित्र दिसतं, आवाज नाही, आणि लोक रिसीव्हरला दोष देत बसतात. तशा फाइलसाठी वेगळा मीडिया प्लेअर रिसीव्हरला जोडावा लागतो.

घरात टर्नटेबल असेल तर फोनो इनपुट (रेकॉर्ड प्लेअरसाठीचा सॉकेट) आहे का बघा, स्वस्तातल्या रिसीव्हरना तो बहुतेक नसतो, तेव्हा वेगळा फोनो प्रीॲम्प धरून चाला.

पायरी ५ : रूम करेक्शन

किंमत वाढत जाते तशी खरी किंमत इथे वसूल होते. खोक्यात एक छोटा माइक येतो, तो सोफ्यावर बसल्यावर जिथे कान येतो तिथे ठेवायचा, रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून सूं-सूं आवाज काढतो आणि अंतर, पातळी, खोलीचा घुमारा मोजून दुरुस्ती करतो. डेनॉन आणि मरांट्झमध्ये ऑडिसी असतं, यामाहात वायपाओ, ओंक्योच्या अलीकडच्या बऱ्याच मॉडेलमध्ये डिराक लाइव्ह. आपल्या हॉलमध्ये लादी, काच, उघड्या भिंती, पडदेही पातळ, त्यामुळे आवाज घुमतो खूप आणि हे फार उपयोगी पडतं. ऑडिसीतही पायऱ्या आहेत, साधं मल्टईक्यू, मग एक्सटी, मग एक्सटी३२, आणि सबवूफरची दुरुस्ती एक्सटी३२ मध्ये बरीच चांगली होते. दोन मॉडेलमध्ये अडकलात आणि फरक वॉट किंवा रूम करेक्शन असा असेल तर डोळे झाकून रूम करेक्शनवाला घ्या.

मोजताना पंखा, एसी बंद, घरातल्यांना दहा मिनिटं शांत बसायला सांगा, आणि माइक सोफ्याच्या गादीवर न ठेवता ट्रायपॉडवर लावा. मोजून झाल्यावर स्पीकर लार्ज असं दाखवत असेल तर स्मॉल करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो तो आकडा, ८० हर्ट्झ ठेवा. सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवेल, ते बदलू नका, सबच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो.

पायरी ६ : जागा, वायर, वीज

रिसीव्हर बराच मोठा असतो. साधे मॉडेलसुद्धा १३ इंचाच्या आसपास खोल असतात, मागे केबल वळायला अजून दोन-तीन इंच, वर हवा जायला चार इंच. हल्लीचे टीव्ही युनिट बारा इंच खोल असतात, त्यात हे मावत नाही, सुताराला आधीच सांगा. दार लावलेल्या बंद कप्प्यात ठेवायचा नाही.

स्पीकरची वायर अस्सल तांब्याची घ्या, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते ती नको. दीड स्क्वेअर एमएम बहुतेकांना पुरते, अंतर जास्त असेल किंवा स्पीकर ४ ओहमचे असतील तर अडीच. मीटरला हजारो रुपयांच्या वायरची अजिबात गरज नाही. भिंतीतून नेताना लाइटच्या पाइपातून नेऊ नका, वेगळा पाइप टाका.

विजेचं म्हणाल तर अर्थिंग असलेला सॉकेट आणि चांगला सर्ज प्रोटेक्टर हवा, आणि वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा, केबलची, डिशची वायरसुद्धा. घराच्या इन्व्हर्टरवर चालणार असेल तर तो प्युअर साइन वेव्ह आहे ना बघा, स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो.

पायरी ७ : घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, इथे फिरून भाव काढा, पण रिसीव्हर मात्र भारतातल्या वॉरंटीच्या पक्क्या बिलावरच घ्या. अमेरिकेतून कुणी आणून देतो म्हणालं तर मोह आवरा. तिकडचा रिसीव्हर १२० व्होल्टचा असतो, आपले २३० लावले की गेला, म्हणजे जड स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आला, आणि बिघडला तर इथे वॉरंटी मिळायची नाही.

सेकंड हँड घ्यायला हरकत नाही, फक्त तपासून घ्या. २०१४-१५ च्या आधीचा असेल तर एचडीसीपी २.२ (४के चित्राचं कॉपीपासून संरक्षण करणारी पद्धत) नसण्याची शक्यता मोठी, मग ४के ओटीटी त्यातून जाणार नाही. २०२० च्या शेवटी आलेल्या काही ८के रिसीव्हरमध्ये चिपचा दोष होता, एक्सबॉक्स सिरीज एक्सवरून ४के १२० दिलं की चित्रच यायचं नाही, तेव्हा त्या काळातला असेल तर समोर चालवून बघा. मूळ माइक आहे का विचारा, दुसऱ्या कंपनीचा माइक लावून मोजमाप बरोबर येत नाही. प्रत्येक चॅनलला एकच स्पीकर फिरवून लावून बघा, प्रत्येक एचडीएमआयला काहीतरी जोडून बघा, आणि अर्धा तास चालू ठेवून मग पैसे द्या.

बजेटची वाटणी विचाराल तर निम्म्याहून जास्त स्पीकर आणि सबला, त्यातही सेंटर स्पीकरवर कंजुषी नको कारण संवाद जवळजवळ सगळे त्यातून येतात आणि संवाद कळले नाहीत तर घरातले सगळेच वैतागतात. खालच्या मजल्यावर लहान बाळ किंवा वयस्कर माणसं असतील तर सबखाली रबरचे जाड पाय किंवा फोम लावा, रात्री डायनॅमिक रेंज, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातला फरक, कमी करणारा नाइट मोड चालू करा, तो जवळजवळ प्रत्येक रिसीव्हरमध्ये कुठल्यातरी नावाने असतोच. नवा रिसीव्हर घरी आला की खोकं आणि आतलं थर्माकोल निदान वॉरंटीभर टाकू नका, सर्व्हिस सेंटरला न्यायची वेळ आली तर आठ-दहा किलोची ही वस्तू त्याशिवाय सुखरूप जात नाही.